कठडा लावला असला पाहिजे

१

मंगळवारी दुपारी चार वाजता चहावाल्या मावशी वृद्धनिवासातल्या सात नंबरच्या खोलीत शिरल्या, तेव्हा पलंग रिकामा होता. आजी पलंगापलीकडे, खिडकीच्या बाजूला, जमिनीवर कुशीवर पडलेल्या होत्या. एक हात अंगाखाली अडकलेला. मावशींनी हातातला कप आधी टेबलावर नीट ठेवला आणि मग त्या किंचाळल्या. ‘कप का ठेवत बसले मी,’ असं त्या नंतर कितीतरी दिवस म्हणत होत्या.

साडेचारला डॉक्टर आले. डोक्याला मार लागला होता. जाऊन तासभर तरी झाला होता. पलंगाचा खिडकीकडचा कठडा खाली केलेला होता.

आजी एके काळी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या, म्हणून सगळे त्यांना टेलिफोनआजी म्हणत. वय ब्याऐंशी. पाय गेलेले, जीभ मात्र शाबूत. कठडा वर असताना त्या पलंगावरून पडणं शक्य नव्हतं. तो खाली करायची कळ पायथ्याशी होती, ती पायाने दाबावी लागे. आजींना ते जमणारं नव्हतं. म्हणजे कठडा दुसऱ्या कुणीतरी खाली केला होता, किंवा वर करायचा राहून गेला होता.

त्या दुपारी आजींना शेवटचं धुऊनपुसून, कूस बदलून निजवलं होतं ते सिस्टरने. आणि त्याच संध्याकाळी पाच वाजता तिने स्वतःच्या हाताने, सहीनिशी, इंग्रजीत लिहून दिलं होतं: कठडा मी लावायला हवा होता.

तिला इंग्रजी शिकवत होते मी.

२

मी निवृत्त शिक्षिका. धोब्याच्या दुकानावरच्या खोलीत आठवड्यातून दोनदा मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवते. माझ्या मागे मला व्याकरणबाई म्हणतात, हे मला माहीत आहे. सिस्टर म्हणजे खरी नर्स नव्हे, वृद्धनिवासात म्हाताऱ्या माणसांचं सगळं करणारी बाई. पण तिथे तिला सगळे सिस्टर म्हणत, म्हणून वर्गातही ती सिस्टरच झाली. वर्गात ती कायम दाराजवळ बसे. कामावरून बोलावणं आलं तर पटकन उठता यावं म्हणून.

गुरुवारी ती आली तेव्हा वर्ग सुटला होता. तिने माझ्यासमोर एक लिफाफा ठेवला.

“बाई, मला कामावर यायला मनाई केलीय. सोमवारी मुख्य कचेरीतले लोक येणार आहेत. तोपर्यंत उत्तर लिहून आणायचं. निष्काळजीपणा सिद्ध झाला तर माझं नाव यादीवर जाईल. मग कुठल्याच निवासात, कुठल्याच दवाखान्यात मला कुणी उभं करणार नाही.”

लिफाफ्यात नोटीस होती आणि सगळ्यांच्या जबान्यांच्या प्रती. मुख्य कचेरीला कागद इंग्रजीतच लागत. मी वरचा कागद घेतला. तिचं ते ठळक, एकेक अक्षर कोरल्यासारखं लिखाण. पाचवी ओळ: ‘आय शुड हॅव पुट अप द रेल.’

मी कागद तिच्याकडे वळवला.

“तू कठडा लावला नव्हतास?”

“लावला असला पाहिजे, बाई. दिवसातून चाळीस वेळा लावते. हात आपोआप जातो. पण त्या दिवशीचा तो नेमका क्षण आठवायला जाते, तर काही दिसतच नाही. म्हणून खरं तेच लिहिलं.”

“काय लिहिलंस? मराठीत सांग.”

“तेच. मी कठडा लावला असला पाहिजे.”

मी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ‘पाहिजे’ म्हणजे ‘शुड’, हे तिच्या वहीच्या पहिल्याच पानावर होतं आणि ते मीच लिहून दिलं होतं. ‘जायला पाहिजे’, ‘खायला पाहिजे’. पण ‘लावला असला पाहिजे’ यातला पाहिजे कर्तव्याचा नव्हे, अंदाजाचा. त्याला ‘मस्ट हॅव’ लागतं. ‘शुड हॅव’ म्हटलं की अर्थ उलटतो: लावायला हवा होता, पण लावला नाही. एका शब्दाने बाईने स्वतःच्या गळ्यात फास अडकवून घेतला होता.

तिला समजावून सांगितलं तेव्हा तिने कागद स्वतःकडे ओढला.

“मॅनेजर मॅडमनी मला वाचून दाखवलं,” ती म्हणाली, “की बघ, तूच लिहिलंयस, मी लावला नाही म्हणून. मला वाटलं, माझ्या हातूनच तसं खरं निघालं असेल. बाई, दोन दिवस मी धरून चाललेय की आजींना मीच मारलं.”

३

शब्दाची चूक दाखवली म्हणून सोमवारी कुणी ऐकलं नसतं. ‘बाई शब्दांचा कीस काढतात’ म्हणून हात झटकले असते. ‘लावला असणार’ हासुद्धा शेवटी अंदाजच. कठडा खरोखर वर होता, असं पाहिलेलं माणूस हवं होतं.

निवासाच्या दाराशी येणाऱ्याजाणाऱ्यांची वही असते. शुक्रवारी सकाळी ती चाळली. सिस्टर, तिच्या जबानीप्रमाणे, खोलीतून दोन दहाला निघाली होती. वहीत दोन तीसला आजींचा पुतण्या आत, दोन पंचेचाळीसला बाहेर. त्याची जबानी लिफाफ्यात नव्हती. त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

तो चष्म्यांच्या दुकानात काच घासायच्या यंत्रावर काम करतो. यंत्र बंद करून, हात पुसत तो पुढे आला.

“काकूचा रेडिओ रविवारपासून बंद होता. सेल संपले होते. ती फोनवर माझं डोकं खात होती, म्हणून जेवणाच्या सुट्टीत सेल घेऊन गेलो. रेडिओ खणात पडला होता. सेल घातले, लावून खिडकीत ठेवला आणि निघालो.”

“चालू ठेवून?”

“हो तर. बंद केला असता तर मला जाऊ दिलं नसतं तिनं.”

“तुम्ही बसला होता कुठे?”

“बसतोय कुठे! खोलीतली खुर्ची दुरुस्तीला गेलेली. खिडकीच्या बाजूला, कठड्यावर कोपर टेकून उभा होतो.”

मी त्याला ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं.

“कठड्यावर. वर होता ना तो. कोपराला वळ उठला होता, दुकानात आल्यावर दिसला.” मग त्याच्या लक्षात आलं असावं. त्याचा चेहरा उतरला. “मला संध्याकाळी सातला फोन आला. नुसतं म्हणाले, पडल्या. कठड्याचं कुणी काही बोललंच नाही.”

सिस्टर सुटली होती. पण याचा दुसरा अर्थही तितकाच स्पष्ट होता. पावणेतीन ते चारच्या दरम्यान कुणीतरी सात नंबरमध्ये गेलं होतं, त्याने कठडा खाली केला होता, आणि आता ते माणूस मूग गिळून बसलं होतं.

लिफाफ्यातल्या एका कागदावर वेळ लिहिलेली होती: तीन वाजता. आजींकडून व्यायाम करून घेणारा फिजिओ. व्यायामाच्या वेळी कठडा रोज खाली करणारा माणूस.

४

फिजिओ तरुण, अंगापिंडाने दांडगा, पण माझ्यासमोर शाळेतल्या मुलासारखा उभा राहिला. त्याने बुधवारी लिहून थेट मुख्य कचेरीला पाठवलेली जबानी मी त्याच्यापुढे धरली. ‘शी मे हॅव बीन टॉकिंग टू समवन, सो आय डिड नॉट गो इन.’ त्या कुणाशी तरी बोलत असाव्यात, म्हणून मी आत गेलो नाही.

“‘मे हॅव बीन’ का लिहिलंत?” मी विचारलं. “‘वॉज टॉकिंग’ का नाही?”

“कारण मी पाहिलं नाही ना. दार लोटलेलं होतं. आवाज येत होते. कोणीतरी असेल, रेडिओ असेल. म्हटलं, नंतर येऊ. मी नऊ नंबरच्या आजोबांकडे गेलो, तिथेच चार वाजेपर्यंत होतो.”

नऊ नंबरच्या आजोबांना विचारलं. “पूर्ण तास माझ्या गुडघ्यांचा छळ चालला होता,” ते म्हणाले. “सुटका केली ती मावशींच्या किंकाळीनं. देवाशपथ, असं म्हणताना लाज वाटते मला.”

मी फिजिओकडे परत गेले.

“दुसरा आवाज आठवा. शब्द नकोत. एक सांगा, तो मध्ये थांबत होता का?”

त्याने डोळे मिटले. “थांबत होता. आजी बोलल्या की थांबत होता.”

“रेडिओ असा थांबतो का हो?”

त्याने डोळे उघडले. “नाही. माणूस होतं.”

म्हणजे तीन वाजता कोणीतरी आत बसून बोलत होतं. खोलीत खुर्ची नव्हती. आजींजवळ बसायचं तर पलंगाच्या कडेवरच बसावं लागणार होतं, आणि त्यासाठी कठडा खाली करावा लागणार होता.

चहावाल्या मावशी भांडी विसळत होत्या. मी त्यांना विचारलं, “तुम्ही आत गेलात तेव्हा रेडिओवर काय चाललं होतं?”

“कसला रेडिओ? चिडीचूप होतं सगळं. म्हणून तर मला आधी वाटलं, झोप लागलीय.”

खिडकी पलंगापासून तीन हात लांब होती. आजींचा हात तिथवर पोचणं शक्य नव्हतं, ते मी स्वतः खोलीत जाऊन पाहून आले. रेडिओ ज्याने बंद केला, तोच कठडा खाली करून बसला होता.

आणि ते कोण, हे सांगणारी ओळ गुरुवारपासून माझ्या पिशवीतच होती. मी ती दोनदा वाचली होती आणि दोन्ही वेळा इंग्रजी किती सफाईदार आहे याचं कौतुक केलं होतं.

५

ती सापडली शनिवारी. मी वर्गासाठी उदाहरणं काढायला बसले होते. अंदाजाची वाक्यं, मे हॅव, मस्ट हॅव, कुड हॅव. डोक्यात दुसरं काहीच नसल्यामुळे मी त्या जबान्याच समोर घेतल्या आणि लाल पेन्सिलीने अंदाजाच्या क्रियापदांखाली रेघा मारत गेले.

सगळ्यांत जास्त रेघा मॅनेजरबाईंच्या अहवालात आल्या. त्यांनी लिहिलं होतं की दोनपासून चारपर्यंत आपण खालच्या ऑफिसातच होतो. त्यामुळे वरच्या मजल्यावरचं सगळं अंदाजानेच लिहिलेलं होतं, आणि अगदी बिनचूक. ‘द अटेंडंट मे हॅव फरगॉटन’, सिस्टर विसरली असेल. ‘द रेसिडेंट मस्ट हॅव बीन ट्रायिंग टू गेट अप’, आजी उठायचा प्रयत्न करत असणार. ज्याने पाहिलेलं नाही त्याने असंच लिहावं. मी तीसहून अधिक वर्षं घसा कोरडा करून हेच तर शिकवत आले.

मग पुढची ओळ आली आणि पेन्सिल तशीच थांबली.

‘शी वॉज लिसनिंग टू हर रेडिओ, सो नोबडी कुड हॅव हर्ड द फॉल.’

त्या रेडिओ ऐकत होत्या, त्यामुळे पडल्याचा आवाज कुणाला आला नसेल. दुसऱ्या भागात अंदाज. पहिल्या भागात अंदाज नाही. ऐकत असाव्यात नाही, ऐकत असणार नाही. ऐकत होत्या. इतकं काटेकोर इंग्रजी लिहिणारी बाई इथे का घसरली? कारण ती घसरली नव्हती. माणूस डोळ्यांनी पाहिलेलं सांगताना अंदाजाचं क्रियापद वापरत नाही. हात तसा चालतच नाही.

रविवारपासून रेडिओ खणात पडून होता. तो मंगळवारी दोन पंचेचाळीसला खिडकीत वाजत होता, हे पुतण्याला माहीत होतं आणि आजींना. अहवालावर वेळ होती मंगळवार, संध्याकाळचे सहा. पुतण्याला फोन गेला सातला. फिजिओने लिहिलं दुसऱ्या दिवशी. चार वाजता रेडिओ बंद होता, म्हणून तेव्हा वर धावलेल्यांपैकी कुणाला तसं वाटण्याचंही कारण नव्हतं.

ते कळण्याचा एकच मार्ग होता.

६

रविवारी मॅनेजरबाई ऑफिसात एकट्याच होत्या. पन्नाशीच्या, सडपातळ, केस घट्ट बांधलेले. मी लाल रेघा मारलेला अहवाल त्यांच्यापुढे ठेवला आणि ज्या क्रियापदाखाली रेघ नव्हती त्याच्यावर बोट ठेवलं.

“इथे तुम्ही ‘मस्ट हॅव बीन लिसनिंग’ लिहायला हवं होतं.”

त्यांनी ओळ वाचली. मग पुन्हा वाचली. मी त्यांना सेलचं सांगितलं, पुतण्याच्या कोपराचं सांगितलं, दाराबाहेर ऐकू आलेल्या आवाजाचं सांगितलं. माझं संपलं तेव्हा त्यांनी उठून दार लावून घेतलं.

“रोज जायचे मी,” त्या म्हणाल्या. “दुपारी दहा मिनिटं. कुणाला माहीत नव्हतं. एका पेशंटचे लाड केले की बाकीचे रुसतात, म्हणून मी मागच्या जिन्याने जायचे. त्या दिवशी रेडिओ मोठ्याने चालला होता, बंद केला. खुर्ची नव्हती. कठडा खाली केला आणि बसले. मग ऑफिसातला फोन वाजायला लागला, खालून ऐकू येत होता. म्हटलं, आलेच दोन मिनिटांत.”

“आणि?”

“मुख्य कचेरीचा होता. पंचावन्न मिनिटं.”

खिडकीबाहेर कुणीतरी फरशी घासत होतं.

“अपघात होता तो,” मी म्हणाले. “तेवढं लिहिलं असतंत तर कुणी तुम्हाला फाशी दिलं नसतं. पण तुम्ही तिच्या चुकीच्या वाक्याचा आधार घेतलात.”

“चूक होती हे मला माहीत नव्हतं, असं म्हणू का?” त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं. “सहा वर्षं तिच्या रोजच्या नोंदी मी दुरुस्त करतेय. ‘जेवल्या असल्या पाहिजेत’, ‘शुड हॅव ईटन’. ‘झोपल्या असल्या पाहिजेत’, ‘शुड हॅव स्लेप्ट’. मी रोज खोडून ‘मस्ट’ करते. त्या दिवशी केलं नाही. पेन उचललं होतं, बाई. उचलून खाली ठेवलं.”

मला त्यांचा संताप यायला हवा होता. आला नाही, असं नाही. पण समोर बसलेली बाई सहा दिवसांत पोटभर जेवलेली दिसत नव्हती.

“उद्या दहा वाजता ते लोक येतील,” मी म्हणाले. “मी माझे कागद घेऊन येईन. पण तुमचा कागद आधी पुढे गेला तर बरं.”

त्यांनी कोरा कागद ओढला. मी उठले. दारातून वळून पाहिलं तेव्हा त्या लिहीत होत्या, न थांबता, वाक्य न जुळवता.

७

सोमवारी मला बोलायची वेळच आली नाही. मॅनेजरबाईंचा नवा अहवाल अर्ध्या पानाचा होता. मी कठडा खाली केला. मी तो तसाच सोडून गेले. सिस्टरच्या वाक्याचा अर्थ मला कळत होता आणि मी तो लपवला. तीन आठवड्यांनी त्यांचं पद गेलं. सिस्टर दुसऱ्याच दिवशी कामावर रुजू झाली. तिच्या नोटिशीवर ‘रद्द’ असा शिक्का मारून मिळाला. माफीचं पत्र मात्र कुणी दिलं नाही.

मी तिच्या वहीतलं पहिलं पान फाडून टाकायला सांगितलं. तिने फाडलं नाही. ‘पाहिजे’च्या समोर दुसरी ओळ जोडून घेतली, आणि मीही त्यानंतर कुठल्याच वर्गात एका शब्दासमोर एकच शब्द लिहून दिलेला नाही.

महिनाभराने ती वर्गाला उशिरा आली. केस विसकटलेले, चप्पल धुळीने माखलेली.

“कुठून आलीस?”

“मॅडमच्या घरून.”

वर्गातल्या दोघातिघांनी माना वर केल्या. मी तिला बाहेर जिन्यात घेऊन गेले. खालून इस्त्रीची वाफ वर येत होती.

“कशाला गेली होतीस? माफ करायला?”

“नाही बाई. तेवढं मोठं मन नाही माझं. त्यांनी चहा पुढे केला, तो मी घेतला नाही.” ती कठोर झाली होती. मग तिचा आवाज जरा उतरला. “पण आजींशी शेवटचं बोललं कोण? त्याच ना? चार वर्षं मी त्या बाईंचे केस विंचरले. शेवटी काय बोलणं झालं ते दुसऱ्या कुणाला माहीतच नाही. म्हणून गेले विचारायला.”

“सांगितलं त्यांनी?”

“सगळं. शब्द न् शब्द पाठ आहे त्यांना. आजी एक्स्चेंजमधली गोष्ट सांगत होत्या. एकदा त्यांनी चुकून भलत्याच दोन माणसांचे फोन जोडून दिले. दोघं अनोळखी. त्यांना चूक कळली, पण दोघं फोन ठेवायला तयार नाहीत, बोलतच बसली. आजींनी लाइन तोडायला हात पुढे केला आणि मागे घेतला. म्हणाल्या, पाऊण तास चालू दिलं मी.” तिने पदराने कपाळ पुसलं. “मॅडम निघाल्या तेव्हाही आजींचं संपलं नव्हतं.”

“आनंदात असणार म्हणजे त्या वेळी,” मी म्हणाले.

“हसत होत्या,” सिस्टर म्हणाली, आणि वर्गात जाऊन दाराजवळच्या तिच्या जागेवर बसली.